अपघातात मूल जखमी झालं तर: पोलीस ठाण्यापासून मुदतठेवीपर्यंत

अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी दवाखान्यात भेटायला येतं. गाडीमालकाचा भाऊ, गावातला एखादा पुढारी, नाहीतर दोन्हीकडच्या ओळखीतला कुणी. बोलणं ठरलेलं असतं: 'खर्चाचं आम्ही बघतो, केस कशाला वाढवता, आधी पोराला बरं होऊ द्या.' सोबत पाचशेचा स्टॅम्पपेपर असतो. आईबापांची झोप झालेली नसते, उसनवारी सुरू झालेली असते आणि सही होऊन जाते.

ती सही करू नका. का करायची नाही आणि त्याऐवजी काय करायचं, ते पुढे क्रमाने सांगतो. बहुतेक लेख महाराष्ट्रातल्या रस्ते अपघातांबद्दल आहे, कारण मुलं सर्रास तिथेच जखमी होतात आणि भरपाईची वाटही तिथेच सगळ्यांत ठळक आहे. विजेचा धक्का, खड्डा, शाळा, दवाखाना यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात.

हक्क मुलाचा, सही तुमची

भरपाईचा दावा आईवडिलांचा नसतो, मुलाचा असतो. कोर्टाच्या कागदात मूल 'अज्ञान', म्हणजे अठरा वर्षांखालचं, असतं आणि आई किंवा वडील त्याचे पालनकर्ते म्हणून उभे राहतात. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' लिहिलेलं असतं, तशीच ही रचना. म्हणून दावा सुरू झाल्यावर पालकाला मनाला येईल त्या रकमेवर तडजोड करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ नुसार त्याला न्यायालयाची परवानगी लागते, आणि न्यायालय ती मुलाचं हित पाहूनच देतं.

स्टॅम्पपेपरवर लिहून दिल्याने मुलाचा हक्क सहजासहजी बुडत नाही, हे खरं. नुकसान दुसरीकडून होतं. 'आमची काही तक्रार नाही' हे वाक्य पोलिसांच्या कागदात शिरतं, पंचनामा ढिला होतो, साक्षीदार 'तुम्ही मिटवलंत ना?' म्हणून मागे सरतात. मग सहा महिन्यांनी पाय वाकडा जुळल्याचं कळलं, तरी हातात धड पुरावा उरत नाही.

गाडीमालक खर्च देत असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पावती मात्र एवढीच द्या: 'उपचाराच्या खर्चापोटी अमुक रुपये मिळाले.' त्यापुढे एक शब्दही नको.

पहिले दोन दिवस

१०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवा, पोलिसांसाठी ११२. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयात त्यातून होतो. आपलं रुग्णालय त्या यादीत आहे का, हे भरती करतानाच विचारा. सोबत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा, आरोग्यमित्राचं टेबल सहसा दाराशीच असतं. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जिच्यावर कित्येक दावे अडकतात. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, 'काय झालं?' नातेवाईक घाबरून, किंवा पोलिसांची कटकट नको म्हणून, सांगतात: 'सायकलवरून पडला.' डॉक्टर केसपेपरवर तेच लिहितात. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो आणि म्हणतो, गाडीने धडक दिलीच नव्हती. तेव्हा पहिल्या कागदावर खरं तेच लिहून घ्या: कोणत्या वाहनाने धडक दिली, कुठे, किती वाजता. ही वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, झाली आहे ना हे विचारा आणि तिचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवा. लहान दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात हलवलं असेल तर दोन्हीकडचे कागद जुळतात का, तेही बघा.

फिर्याद शक्य तितक्या लवकर द्या. हद्दीचा वाद घालून कुणी परत पाठवू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा. निष्काळजीपणे गाडी चालवण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं आणि त्यातून गंभीर दुखापत झाली तर १२५(ब). मूल आयसीयूत असल्याने फिर्यादीला चार दिवस उशीर झाला तर न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट, समजून घेतं, पण उशिराचं कारण जबाबातच लिहिलेलं असावं.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला घरातलं कुणीतरी जातीने हजर राहू द्या. बहुतेक वेळा आईवडिलांनी अपघात पाहिलेला नसतो, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. अशा वेळी ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी, गाडी कुठे थांबली, शाळेची पाटी किंवा गतिरोधक होता का, हे पंचनाम्यात असेल तर तो कागदच साक्षीदारासारखा उभा राहतो. शेजारच्या दुकानाचा किंवा पेट्रोलपंपाचा सीसीटीव्ही असेल तर चित्रण जप्त करण्यासाठी तपासी अंमलदाराला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, त्यामुळे तोंडी विनंतीवर विसंबू नका.

पोलिसांचंही वेळापत्रक असतं

अपघाताच्या तपासाला १ एप्रिल २०२२ पासून ठरावीक मुदती लागू आहेत, हे अनेक ठाण्यांतही नव्याने सांगावं लागतं. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. जखमीच्या कुटुंबाला त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना दहा दिवसांत मिळायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात या नियमांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले आहेत.

पोलिसांचा हा अहवालच न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून हाताळू शकतं. कागदावर ही सोय उत्तम आहे. तरी माझं मत असं की तिच्या भरवशावर बसू नये. अहवालात मुलाच्या शिक्षणाचं, पुढच्या शस्त्रक्रियांचं, आईच्या बुडालेल्या मजुरीचं सगळं नीट येईलच असं नाही. तो अर्ज आपला आपण करावा.

सहा महिन्यांची मुदत

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, आणि जुन्या अपघातांचे लोक त्यामुळे आशा धरून आहेत. तुमचा अपघात ताजा असेल तर त्या वादात पडूच नका. सहा महिने ही लक्ष्मणरेषा समजा. 'मूल अज्ञान आहे, अठरा वर्षांचं झाल्यावरही दावा करता येतो' असं कुणी सांगेल. सामान्य दिवाणी दाव्यांत मुलांना अशी सवलत आहे, पण या दाव्यात तिच्यावर विसंबणं म्हणजे मुलाचा हक्क डावावर लावणं.

लोक थांबतात ते एका गैरसमजापोटी: आधी उपचार संपू देत, अपंगत्वाचा दाखला येऊ दे, मग केस टाकू. तसं करायची गरज नाही. दाव्यासाठी फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, आतापर्यंतची बिलं, मुलाचा जन्मदाखला, पालकाचं ओळखपत्र, गाडीचा क्रमांक आणि विम्याचा तपशील एवढं पुरतं. अपंगत्वाचा पुरावा नंतर देता येतो. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भरपाईही न्यायाधिकरण देऊ शकतं, त्यामुळे आकडा अचूक नाही म्हणूनही अडून बसू नका.

दावा कुठे आणि कुणावर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा चालतो. सांगलीच्या कुटुंबाला बेळगावजवळ अपघात झाला किंवा नाशिकचं कुटुंब गोव्याच्या सहलीत सापडलं, तरी दावा सांगलीत, नाशकात टाकता येतो. दर तारखेला परराज्यात खेटे घालायची गरज नाही.

प्रतिवादी सहसा तिघे: चालक, मालक, विमा कंपनी. गाडीचा क्रमांक एम-परिवहन ॲपवर टाकला की विम्याची माहिती दिसते. तिचा स्क्रीनशॉट ठेवा. धडक एसटीने दिली असेल तर महामंडळच मालक म्हणून समोर असतं. चालकाकडे परवाना नव्हता म्हणून विमा कंपनी हात झटकू पाहते, तेव्हा पुष्कळदा न्यायाधिकरण कंपनीला आधी मुलाला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

मूल वडिलांच्या मोटारसायकलवर होतं आणि ट्रकशी टक्कर झाली, तर? विमा कंपनी म्हणते, चूक वडिलांचीही होती. असेल. पण दोन वाहनांच्या चुकीतून तिसरा जखमी झाला तर तो दोघांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. वडिलांची चूक मुलाच्या भरपाईतून वजा होत नाही. फक्त अशा वेळी दावा आईमार्फत करावा. ज्याच्या चुकीवर चर्चा होणार, तोच मुलाचा पालनकर्ता म्हणून उभा राहणं बरं नाही. गाडी वडिलांचीच घसरली असेल तर त्यांच्या विम्याचा प्रकार तपासा: सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसलेल्याचा समावेश असतो, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत अडचण येते.

आणखी एक हमखास ऐकू येणारं वाक्य: 'पोरगं अचानक रस्त्यावर आलं.' लहान मुलाकडून मोठ्यांइतक्या सावधपणाची अपेक्षा न्यायालयं करत नाहीत. शाळेजवळ, वस्तीत, खेळाच्या मैदानापाशी वेग कमी ठेवायची जबाबदारी चालकाची. पाच-सहा वर्षांच्या मुलावर दोष टाकण्याचा प्रयत्न फारसा टिकत नाही.

फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाई बुडते असंही नाही. तिथे संशयातीत पुरावा लागतो, इथे काय घडलं असण्याची शक्यता अधिक आहे एवढं दाखवलं तरी चालतं.

वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक मूल मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाप नोकरदार असो की शेतमजूर. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. साधा अर्ज, मुलाचा जन्मदाखला आणि फिर्यादीची प्रत घेऊन जा. फोन करायचा तर १५१००.

खासगी वकील करायचा तर आडपडदा न ठेवता विचारा: अपघाताचे दावे नियमित चालवता का, डॉक्टरांची साक्ष कोण काढणार, फी किती आणि केव्हा. 'आता काही देऊ नका, निकालाच्या रकमेत वीस टक्के' ही पद्धत राजरोस चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मात्र ती वर्ज्य आहे. फी निकालावर अवलंबून ठेवणं किंवा भरपाईत वाटा घेणं वकिलाला चालत नाही. वॉर्डात फिरून कार्डं वाटणाऱ्या एजंटाला तर दारातूनच परत पाठवा. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही नको. दावा दाखल झाला की सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाने दाव्याला दिलेला ओळखक्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं आपल्याला दिसतं. वकिलाला दर आठवड्याला फोन करावा लागत नाही, आणि त्यालाही आपण लक्ष ठेवून आहोत हे कळतं.

विमा कंपनीचा तपासनीस घरी येईल. चहा द्या, विचारलेल्याचं खरं उत्तर द्या, पण त्याने लिहिलेल्या जबाबावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मुलाची दुखापत मुलाबरोबर वाढते

सगळ्यांत जास्त मेहनत इथे घ्यावी असं मला वाटतं, आणि सगळ्यांत कमी घेतली जाते ती इथेच.

मोठ्या माणसाचं हाड जुळलं की बहुधा चित्र स्पष्ट होतं. मुलाच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिला इजा झाली तर आज दोन्ही पाय सारखे दिसतात आणि चार वर्षांनी एक आखूड राहतो. भाजलेली त्वचा वाढत्या अंगाबरोबर ताणत नाही, सांधे आखडतात, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कृत्रिम पाय उंची वाढेल तसा बदलावा लागतो. डोक्याला मार लागलेलं मूल घरी बरं दिसतं, आणि तिसरीत गेल्यावर लक्षात येतं की पाढे राहत नाहीत, वर्गात चिडचिड होते.

न्यायाधिकरणाचा निकाल एकदाच होतो. पाच वर्षांनी नवी शस्त्रक्रिया निघाली म्हणून पुन्हा दार ठोठावता येत नाही. त्यामुळे पुढचे खर्च आजच लेखी आणायला हवेत. उपचार करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या: मुलाला अजून किती शस्त्रक्रिया लागतील, साधारण कोणत्या वयात, आजच्या दराने किती खर्च येईल, फिजिओथेरपी किती दिवस. कृत्रिम अवयवाचं कोटेशन घ्या आणि तो किती वर्षांनी बदलावा लागतो ते त्यावर लिहून घ्या. डोक्याला मार असेल तर मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमत्ता आणि स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या, अपघाताआधीची प्रगतिपुस्तकं जपून ठेवा. आधीचे गुण आणि नंतरचे गुण शेजारी ठेवले की ते पान वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त बोलतं.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून, युडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून मिळतो. त्यात टक्केवारी एका अवयवाची आहे की संपूर्ण शरीराची, हे बघा. पायाचं ४० टक्के म्हणजे शरीराचं ४० टक्के नव्हे, आणि विमा कंपनी नेमकी तिथे बोट ठेवते. नुसता दाखला दाखल करून भागत नाही. शक्य असेल तर ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांची साक्ष व्हावी. त्यांना समन्स काढायला वकिलाला आधीच सांगा, कारण वर्षभराने ते बदली होऊन गेलेले असतात.

घरी एक वही करा. तारीख, रिक्षाचे पैसे, औषध, पट्टी, दूध-अंडी, कामावर न गेलेला दिवस. आईने नोकरी सोडली असेल तर मालकाचं पत्र, मजुरी असेल तर मुकादमाचं. बिलांची शाई उडते, म्हणून मिळतील तशी फोटो काढून ठेवा. शाळेचं वर्ष बुडालं तर मुख्याध्यापकांचा दाखला.

रक्कम कशी ठरते

कमवत्या माणसाच्या दाव्यात पगार धरून हिशेब होतो. मुलाला पगार नसतो, म्हणून पूर्वी १५ हजार रुपये वार्षिक उत्पन्न धरून हास्यास्पद रकमा दिल्या जात. २६ ऑगस्ट २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांसाठी ठोक पायऱ्या आखून दिल्या: संपूर्ण शरीराचं अपंगत्व १० टक्क्यांपर्यंत असेल तर १ लाख, ३० पर्यंत ३ लाख, ६० पर्यंत ४ लाख, ९० पर्यंत ५ लाख, त्यावर ६ लाख, उपचार आणि मदतनीसाचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. विमा कंपन्यांना हा निकाल फार प्रिय आहे.

तो शेवटचा शब्द नाही. ५ फेब्रुवारी २०२० च्या निकालात, बारा वर्षांची असताना अपघातात शंभर टक्के अपंगत्व आलेल्या मुलीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजारांवर नेली. तिचं उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं धरलं, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले आणि वर्षाच्या रकमेला वयानुसार धरायच्या १८ या गुणकाने गुणलं. दोन मदतनीसांचा खर्चही तसाच १८ ने गुणून धरला. सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने पुन्हा बजावलं की जखमी मुलाचं उत्पन्न किमानपक्षी त्या राज्यातल्या कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं धरायचं.

फरक केवढा पडतो ते पाहा. समजा नऊ वर्षांची मुलगी आहे, तिची काम करण्याची क्षमता ४० टक्के कमी झाली आहे, आणि गणितापुरतं किमान वेतन महिना १४ हजार धरू. त्यात ४० टक्के मिळवले की १९,६००. वर्षाचे २,३५,२००. अठराने गुणले की ४२,३३,६००, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे १६,९३,४४०. शिवाय वेदना, उपचार, पुढच्या शस्त्रक्रिया, मदतनीस, लग्नात येणारी अडचण, हे वेगळं. २०१३ च्या पायरीने त्याच मुलीला खर्चाव्यतिरिक्त ४ लाख मिळतात. म्हणून अपघाताच्या वर्षीचं कुशल कामगाराच्या किमान वेतनाचं परिपत्रक दाव्यासोबत जोडा आणि हे दोन नवे निकाल वकिलांच्या नजरेस आणा. दाव्याच्या तारखेपासून व्याजही मिळतं. ते अर्जात मागितलेलं असावं.

झटपट मिळणारे अडीच लाख

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न पाहता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. हाड मोडून नीट जुळलं, मूल पुन्हा खो-खो खेळू लागलं, आणि समोरच्याची चूक सिद्ध करणं अवघड आहे, तर ही वाट शहाणपणाची. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. कायमचं अपंगत्व येण्याची जरा जरी शंका असेल तर डॉक्टरांचं स्पष्ट मत हाती आल्याशिवाय त्या कागदाला हात लावू नका.

लोकअदालतीचंही तसंच. तिथे वेळ वाचतो, पैसे लवकर येतात, आणि कित्येक दावे तिथे नीट मिटतात. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. कंपनीचा आकडा वरच्या पद्धतीने काढलेल्या आकड्याच्या शेजारी मांडा आणि मग ठरवा. नकार दिला म्हणून दावा कमजोर होत नाही. तो मूळ न्यायाधिकरणापुढे तसाच चालतो.

निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आहे.

गाडी पळून गेली असेल तर

वाहनाचा पत्ता लागलाच नाही तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. अर्ज न्यायाधिकरणात नव्हे, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. रक्कम तुटपुंजी आहे, तरी सोडू नका. पुढे गाडी सापडली तर नियमित दावा करता येतो, तेव्हा ही रक्कम परत करावी लागते एवढंच.

रस्त्यावरच्या धडकेखेरीज

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे इजा झाली तर मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश हाताशी ठेवा. मृत्यूसाठी ६ लाख, आणि जखमींना इजेच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख रुपये त्या-त्या यंत्रणेने द्यायचे आहेत. रक्कम ठरवायला समित्या नेमायला सांगितल्या असून त्यांत विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेत. खड्ड्याचा फोटो शेजारची खूण दिसेल असा काढा, कारण दुसऱ्या दिवशी तो बुजवलेला असतो.

विजेच्या तारेचा धक्का बसला तर वीज कंपनीची चूक सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर पडत नाही. धोकादायक वस्तू हाताळणाऱ्याची जबाबदारी तशीही असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आहे. दोन्ही हात गमावलेल्या आठ वर्षांच्या हिमाचलातल्या मुलाला २०१७ मध्ये ९० लाख मिळाले. फिर्यादीसोबत विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्या.

दवाखान्याच्या हलगर्जीपणाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करा. अशा प्रकरणात मुलाबरोबर आईवडिलांनाही स्वतःच्या मनस्तापाची भरपाई मागता येते, हे १९९८ पासून ठरलेलं आहे. आधी सगळे केसपेपर लेखी अर्ज देऊन ताब्यात घ्या, तक्रारीची भाषा नंतर.

पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. एक अवयव किंवा डोळा कायमचा गेला तर ७५ हजार, दोन गेले तर १ लाख. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो, आणि पुष्कळ शाळा पालकांना आपणहून सांगत नाहीत. हे अनुदान आहे, भरपाई नव्हे; ते घेतलं तरी न्यायाधिकरणातला दावा सुरू ठेवता येतो. स्कूलबसमध्ये इजा झाली असेल तर महाराष्ट्राचे २०११ चे स्कूलबस नियम पाहा. सहायक बसमध्ये नव्हता, वेगनियंत्रक बंद होता, अशा गोष्टी फिर्यादीत आल्या की निष्काळजीपणा दाखवणं सोपं जातं.

पैसे आल्यावर

मुलाच्या रकमेचा मोठा भाग न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवायला सांगतं, मूल सज्ञान होईपर्यंत. झालेल्या खर्चाचा भाग पालकाला मिळतो. ठेवीचं व्याज तिमाहीला किंवा महिन्याला खात्यात जमा व्हावं, अशी विनंती निकालाआधीच अर्जात करा. फिजिओथेरपी आणि शाळेचा खर्च त्यातून निघतो. मधेच मोठी शस्त्रक्रिया आली तर डॉक्टरांचं पत्र आणि खर्चाचा अंदाज जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज करा, ठेव मोडायची परवानगी मिळते. घर बांधायला किंवा थोरल्याच्या लग्नाला ती मिळत नाही, आणि मिळू नये.

मुलाच्या नावाने खातं निकालाआधीच उघडून ठेवा. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांवर नाव एकसारखं आहे का ते तपासा. 'कु.', वडिलांचं नाव, आडनाव यांतल्या तफावतीवरून बँका महिनोन्‌महिने रक्कम अडकवून ठेवतात. ठेवीची मूळ पावती कोर्टात राहते, म्हणून तिची छायांकित प्रत आणि निकालाची प्रमाणित प्रत घरी हवी. अठरा पूर्ण झाल्यावर ठेव मोकळी करण्याचा अर्ज मुलाने स्वतःच्या सहीने द्यायचा असतो. पॅन कार्ड आणि स्वतंत्र खातं त्याआधी काढून ठेवलं तर तो अर्ज एका तारखेत मंजूर होऊ शकतो.